तुझं मेलेलं जनावर माझ्या घरात जिवंत आहे

कुत्रा हरवला की माणूस काय करतो? त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो, नाक्यावरच्या पानवाल्याला सांगून ठेवतो, विजेच्या खांबावर कागद चिकटवतो, जमलं तर बक्षीस लावतो. मांजर दोन दिवस दिसली नाही तरी गच्चीवर जाऊन हाका मारतो. माझा साप हरवला तेव्हा मी आधी दार लावून घेतलं आणि आईला म्हटलं, "आवाज करू नकोस."

मला जे म्हणायचं आहे ते या एका वाक्यात आहे. पण ते मला कळायला बारा दिवस लागले आणि त्या बारा दिवसांत एका धामणीचा जीव गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. दुसरा मजला, १८० चौरस फुटांची खोली, वर पोटमाळा. २०२१ मध्ये, लॉकडाऊन उठत-बसत होता तेव्हा, मी इन्स्टाग्रामवरून अठरा हजारांना एक बॉल पायथन घेतला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, बिनविषारी, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. म्हणून हे नाव. पैसे यूपीआयने गेले आणि साप बाइकवरच्या पोराने भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात आणून दिला. बिल मी मागितलं नाही, त्याने दिलं नाही. तो कुठून आला, कुणी वाढवला, मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते माहीत करून घ्यायचंही नव्हतं. मला तो हातात घेऊन रील करायचं होतं. पहिल्या रीलला जेवढे व्ह्यूज आले तेवढे माझ्या नोकरीच्या बातमीलाही आले नव्हते.

शेजारी कुणाला सांगितलं नाही. आईलाही "मासे पाळतोय" म्हणून टाकी आणली आणि मग तिला हळूहळू सवय लावली. तिचा विरोध एकाच वाक्याचा होता, "हे काय घरात ठेवायची गोष्ट आहे का?" मी तिला अर्धा तास समजावलं. तो लाजाळू आहे, आठवड्यातून एकदा खातो, वीस-तीस वर्षं जगतो. शेवटचा मुद्दा ऐकून ती जास्तच गप्प झाली.

२०२४ च्या जुलैत एका रात्री टाकीच्या झाकणाची क्लिप नीट बसली नाही. सकाळी टाकी रिकामी.

पळालेला साप कसा शोधायचा यावर इंटरनेटवर भरपूर साहित्य आहे, बहुतेक परदेशातल्या पाळणाऱ्यांनी लिहिलेलं. मी ते सगळं त्या दिवशी वाचलं. आधी टाकीच पुन्हा नीट तपासा, तो सजावटीखाली असू शकतो. मग त्याच खोलीत शोधा, कारण तो फार लांब जात नाही. साप मोकळ्या जमिनीवरून न जाता भिंतीला अंग घासत जातो, म्हणून भिंतीच्या कडेने पीठ पसरून ठेवा, सकाळी माग दिसेल. तो रात्री हिंडतो, तेव्हा दिवे घालवून टॉर्च घेऊन बसा. जमिनीवर कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाका, आवाज येईल. उबेच्या जागा बघा, फ्रिजची मोटर, वायफायचा डबा, इन्व्हर्टर. भुकेने बाहेर येईल या भरवशावर राहू नका, हा प्राणी महिनोन् महिने न खाता राहू शकतो.

सल्ले चांगले आहेत. फक्त ते 'त्या खोलीत' या शब्दांवर उभे आहेत. चाळीत 'ती खोली' कुठे संपते? आमची आणि शेजारच्या काकूंची भिंत पोटमाळ्याच्या वर पूर्ण जात नाही, तुळईपाशी हाताचा पंजा जाईल एवढी फट आहे. त्या फटीतून आम्ही लहानपणी एकमेकांना फटाके द्यायचो. मोरीचा पाइप खाली तीन घरांच्या मोऱ्यांना भेटतो. गॅलरी सगळ्यांची, दारं दिवसभर उघडी, उंबऱ्याखाली दोन बोटांची जागा. त्या सापाला मी माझ्या घरात पाळत होतो असं मला वाटायचं. तो पळाल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की मी त्याला चोवीस घरांत पाळत होतो आणि विचारलं एकालाही नव्हतं.

तरी मी गप्प राहिलो. चार दिवस. पीठ पसरलं, आईने "मुंग्या येतील" म्हणत ते झाडलं, पुन्हा पसरलं. शेजारी काकूंची चार वर्षांची नात जमिनीवर झोपते हे मला माहीत होतं. तो बिनविषारी आहे, तो काही करणार नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते एखाद्या जपासारखं झालं. खरं तर मला सापाच्या चाव्याची भीती नव्हतीच. भीती होती ती चाळीला कळेल याची.

पाचव्या दिवशी मी खालच्या मजल्यावरच्या एका पोराला विश्वासात घेतलं, पोटमाळ्यावर चढायला मदत हवी होती म्हणून. अर्ध्या तासात अख्ख्या चाळीला कळलं. पुढचं मी फार रंगवून सांगत नाही. बायका पोरांना उचलून गॅलरीत उभ्या, तळमजल्यावरचे काका लोखंडी सळई घेऊन, कुणी फिनेल ओततंय, कुणी मंडळाच्या पोरांना बोलावतंय. संध्याकाळी मागच्या गटाराशी, जिथे जुन्या गिरणीची भिंत लागते, तिथे आरडाओरडा झाला. दहा मिनिटांनी पोरं बांबूवर लटकवून घेऊन आली.

"दादा, हा बघ तुझा."

ती धामण होती. पाच फूट असेल, सडपातळ, पिवळसर तपकिरी, शेपटीकडे काळे पट्टे. माझा साप साडेतीन फुटांचा, जाड, चॉकलेटी अंगावर काळी नक्षी. या दोघांत कुणाचा घोटाळा व्हायचं कारण नाही, पण ज्याने आयुष्यात बॉल पायथन बघितलाच नाही त्याला काय सांगणार? तिचं डोकं ठेचलं होतं. माझ्याकडे सगळे बघत होते. 'हा नाही' म्हणालो तर ती रात्र कुणी झोपणार नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "हो. हाच."

काकूंनी देवाला हात जोडले. कुणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं, 'जाऊ दे, जनावरच होतं.'

आता मुद्द्यावर येतो, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याच्या मूर्खपणाची असती तर मी ती माझ्याजवळच ठेवली असती.

साप पाळणाऱ्यांच्या गटांत मी तीन वर्षं काढली. तिथला सगळ्यात लाडका युक्तिवाद असा : लोकांना सापांची भीती अज्ञानातून वाटते, आम्ही साप पाळतो, दाखवतो, हाताळू देतो, त्यामुळे भीती जाते आणि साप वाचतात. मीही हा युक्तिवाद शंभरदा केला आहे. लालबागच्या त्या गटाराशी त्याचं काय झालं ते मी पाहिलं. माझ्या पाळीव सापाने कुणाची भीती घालवली नाही. त्याने एका रानटी, कुणाच्याही अध्यात-मध्यात नसलेल्या धामणीला मारेकरी पुरवले. ती धामण त्या भिंतीत किती पावसाळे राहिली असेल कुणास ठाऊक, कुणाला दिसली नव्हती. लोक तिला शोधायला गेले ते माझ्यामुळे.

आणि ती काय खात होती? उंदीर. या भागात उंदरांचा इतिहास सांगायला नको. १८९६ च्या प्लेगने ही मुंबई रिकामी केली होती. हाफकिन यांनी लस शोधली, आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. आजही महापालिका रात्री काठ्या आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारी माणसं नेमते, आणि दर पावसाळ्यात लेप्टोच्या सूचना निघतात. या शहरात मी दर आठवड्याला पैसे मोजून, बर्फात गोठवलेला उंदीर विकत आणत होतो, आईच्या फ्रिजमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवत होतो, आणि फुकट उंदीर खाणारी धामण माझ्यामुळे मेली. यावर हसावं का रडावं मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, अज्ञान कुणाचं? काकू सिंधुदुर्गातल्या. त्यांच्या घरामागे वारूळ आहे आणि त्यात राखणदार आहे असं त्या मानतात. नागपंचमीला त्या चिरत नाहीत, कापत नाहीत, जमीन खणत नाहीत. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. घोणस कुठे असते, भाताच्या उडवीत हात कसा घालू नये, हे त्यांना मला युट्यूबवरून कळलं त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून माहीत आहे. त्या सापाला घाबरतात असं मी समजत होतो. तसं नव्हतं. त्यांच्या हिशेबात सापाची एक जागा आहे आणि माणसाची एक, मध्ये अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजेच आदर. ते अंतर मी मोडलं आणि वर त्यांनाच अडाणी ठरवलं.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा. 'आमचा साप परदेशी आहे, कायदेशीर आहे.' हा कायदा जरा उलगडून बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप पकडणं, बाळगणं बंद केलं. त्याने गारुड्याची टोपली गेली. गिरगावच्या वाड्यांतून नागपंचमीला येणारा तो माणूस साप पकडायचा, दात काढायचा, उपाशी ठेवायचा. ते बंद झालं हे योग्यच झालं. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर उच्च न्यायालयाचा बडगा आला, त्यावर गावकऱ्यांची तक्रार आजही आहे. म्हणजे गरिबाचा साप, गावाचा साप, यांचा बंदोबस्त झाला. पण त्या कायद्यात परदेशी साप नव्हता. त्यामुळे ज्याच्याकडे अठरा हजार रुपये आणि काचेची टाकी होती, तो मोकळा होता. जून २०२० मध्ये केंद्राने सांगितलं, परदेशी प्राणी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागद मागणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी चौथ्या परिशिष्टात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले, नोंदणीला सहा महिने मिळाले. माझा साप पळाला तेव्हा ती मुदत चालू होती आणि माझा अर्ज 'उद्या भरू'मध्ये होता.

पण समजा भरला असता. काय बदललं असतं? ही सगळी व्यवस्था प्राणी किती दुर्मीळ आहे, त्याचा व्यापार कसा होतो, यासाठी उभी आहे. बॉल पायथन साइट्सच्या यादीत आहे म्हणून नोंदवायचा. अमेरिकेतला कॉर्न स्नेक, जो तितकाच सर्रास पाळला जातो आणि पळण्यात बॉल पायथनपेक्षा कितीतरी तरबेज आहे, तो त्या यादीत नाही. भिंतीपलीकडे कोण झोपतं हा प्रश्न या कायद्याला पडतच नाही. सोसायटीत फ्लॅटची भिंत पाडायची तर ना हरकत लागते. गच्चीवर मंडप घालायचा तर लागते. वीस-तीस वर्षं जगणारा अजगर आणायचा तर शेजाऱ्याच्या होकाराची गरज नाही.

आणि तो पळाला तर? ३ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या जलतरण तलावात मगरीचं पिल्लू निघालं होतं, आठवतं? दोनेक फुटांचं. लोक पोहायला उतरण्याआधी कर्मचाऱ्यांच्या नजरेला पडलं म्हणून बरं. वनखात्याकडे गेलं. आपण सगळ्यांनी मीम फॉरवर्ड केले, मीही केले. मग बोटं सुरू झाली, शेजारच्या खासगी प्राणिसंग्रहालयाकडे. त्यांनी म्हटलं, आमचं नाही. ते कुठून आलं यावर मी इथे निकाल देत नाही. मला त्यातलं एवढंच आठवतं की दादरसारख्या भरवस्तीत मगर सापडते आणि 'ही माझी' म्हणणारा कुणी नसतो. तेव्हा मी हसलो होतो. नऊ महिन्यांनी मी मेलेल्या धामणीला 'हा माझा' म्हणालो, कारण जिवंत सापाला म्हणायची हिंमत नव्हती.

'पण कुत्रे जास्त चावतात', हा तिसरा युक्तिवाद. खरं आहे. रेबीजने माणसं मरतात, बॉल पायथनने मेलेला माणूस मला माहीत नाही. पण कुत्रा सुटला तर गल्लीला कळतं, त्याला हाक ऐकू येते, त्याच्या मालकाशी लोक भांडू शकतात. भांडता येणं ही फार मोठी सोय आहे. सापाचा मालक आधी स्वतःला लपवतो, मग सापाला शोधतो.

शिवाय गोष्ट बॉल पायथनवर थांबत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. २०२५ च्या जूनच्या तोंडावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर आणि तीन स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर निघाले. हे सगळे विषारी. सत्तेचाळीस विषारी साप कुणी हौसेने बॅगेत भरत नाही, पलीकडे गिऱ्हाईक असतं. ते गिऱ्हाईक कुठेतरी राहतं, त्याला शेजारी असतात. आपल्याकडचं सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे. परळला हाफकिन आणि केईएम एकाच आचार्य दोंदे मार्गावर आहेत. सापाच्या चाव्यासाठी मुंबईत यापेक्षा चांगला रस्ता नाही. पण इंडोनेशियाच्या किंवा इराणच्या सापाने चावलेला माणूस तिथे आणला, तर डॉक्टरांच्या हातातली कुपी त्या विषासाठी बनलेलीच नाही. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो, 'कुठला साप?' त्याचं उत्तर फक्त एका माणसाला माहीत असेल, आणि तो दार लावून बसलेला असेल.

मला माहीत आहे, मी बॉल पायथनवरून व्हायपरवर उडी मारली. पण गटांत मी पाहिलेला प्रवास हाच आहे. एक साप पाळून कंटाळा आला की दुसरा लागतो, जास्त रंगीत, जास्त दुर्मीळ, जास्त व्ह्यूज देणारा. आणि सोडून दिलेले, पळालेले साप काय करू शकतात ते बघायचं तर फ्लोरिडात बघा. पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर तिथल्या एव्हरग्लेड्समध्ये मोकळे झाले. २०१२ च्या एका अभ्यासात दक्षिण भागात रकून आणि ओपॉसम ९८-९९ टक्क्यांनी कमी दिसलेले आढळले. लालबागला एव्हरग्लेड्स नाही, म्हणून आपण सुटतो. कोकणात हौस पोचली की बोलू.

बाराव्या दिवशी पहाटे पाचला पाणी आलं. काकू पिंप भरायला उठल्या. फ्रिजखालून पाणी का येतंय बघायला वाकल्या तर मोटरच्या मागे, उबेला, तो गोळा होऊन बसला होता. पोटमाळ्याच्या फटीतूनच गेला असणार. मी ज्या जागा बघायच्या म्हणून वाचल्या होत्या त्यांत ही पहिली होती. मी ती बघितलीही होती, पण आमच्या फ्रिजमागे.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी नातीला उचलून खाटेवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि आमची कडी वाजवली. मी दार उघडल्यावर शांतपणे म्हणाल्या, "अरे, तुझं मेलेलं जनावर माझ्या घरात जिवंत आहे."

मी उचलायला गेलो तर त्यांनी अडवलं. "तू नको. ज्याचं काम त्याला बोलव." वनखात्याच्या १९२६ वर फोन केला. त्यांच्यासोबत सर्पमित्र आला, दोन मिनिटांत पिशवीत घालून घेऊन गेला. बिनकागदाचा प्राणी, त्यामुळे माझ्यामागे जे लागायचं ते लागलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो साप आता इथल्या कुठल्याच रानात सोडता येत नाही, आफ्रिकेत परतही जात नाही. उरलेलं आयुष्य दुसऱ्या कुठल्यातरी टाकीत काढेल. तेही माझ्याच खात्यावर.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेलो आणि धामणीबद्दल खरं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मादी होती?" मी म्हटलं, माहीत नाही. "पावसाचे दिवस. अंडी असतील कुठे भिंतीत," एवढंच म्हणाल्या आणि निवडलेली मेथी आत घेऊन गेल्या.

गटांमधून मी बाहेर पडलो. बाहेर पडताना हेच सगळं थोडक्यात लिहिलं तर एकाने उत्तर दिलं, 'भाई, झाकणाला चांगलं लॉक घ्यायचं होतं.' त्याला मी लाइक दिलं नाही, पण वाद घालायलाही गेलो नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच लिहिलं असतं.

आमच्या खोलीत टाकीच्या जागी आता आईचं शिलाई मशीन आहे. पोटमाळ्याची फट तळमजल्यावरच्या काकांनी सिमेंटने बुजवली. शेजारच्या काकू अजून रोज रात्री नातीची गादी दोनदा झटकतात, एकदा घरात आणि एकदा गॅलरीत, आणि तो आवाज आमच्याकडे ऐकू येतो.